श्यामची आई आणि वान्ड्सबेकचा बाबा

जर्मनीतल्या मराठी घरांमध्ये पुस्तकांचं कपाट पाहायची मला सवय आहे. विमानात सामानाच्या वजनाला मर्यादा असते. कुकर, मसाल्यांचे डबे आणि देवघरातल्या मूर्ती यांतून जागा उरली तर पुस्तकं येतात. अशा निवडून आणलेल्या पुस्तकांत साने गुरुजींचं ‘श्यामची आई’ बहुतेक वेळा असतंच. कुणाला ते आजोबांनी दिलेलं असतं, कुणाच्या मुलाला बारशाला आलेलं असतं. पुस्तक चांगलं आहे, संस्कारांचं आहे, मुलं जरा मोठी झाली की वाचून दाखवायचं आहे, असं सगळे म्हणतात. मग मुलं खरोखरच मोठी होतात, आबिटुअर देऊन दुसऱ्या गावी शिकायला निघून जातात, आणि पुस्तक न उलगडलेलंच राहतं.

असं का होत असावं? मला वाटतं, आपण त्या पुस्तकाला फार लवकर ‘संस्कारांचं पुस्तक’ असं लेबल लावून टाकलं. औषधाच्या बाटलीसारखं ते फडताळात ठेवलं, गरज पडली तर चमचाभर द्यायचं म्हणून. मी ते अलीकडे पुन्हा सावकाश वाचलं, आणि माझा ग्रह असा झाला की आई मुलाला कसं घडवते हे सांगण्यापेक्षा, मोठ्या झालेल्या मुलाजवळ आईचं नेमकं काय उरतं, हे ते पुस्तक सांगतं. या दोन गोष्टी एकच नाहीत. परदेशात मुलं वाढवणाऱ्या आपल्यासारख्यांना तर त्यांतला फरक फार महत्त्वाचा आहे.

पुस्तकाची जन्मकथा बऱ्याच जणांना ठाऊक असेल. साने गुरुजी नाशिकच्या तुरुंगात होते. तिथे फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत त्यांनी हे लिहून काढलं. १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. १९५३ मध्ये आचार्य अत्र्यांनी त्यावर चित्रपट काढला. त्यात वनमालाबाई आई झाल्या, माधव वझे श्याम झाले, आणि १९५४ मध्ये पहिल्याच राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. पण पुस्तक समजून घ्यायला मला या सालांपेक्षा आणखी एक साल महत्त्वाचं वाटतं, ते १९१७. त्या वर्षी गुरुजींची आई यशोदाबाई गेली. तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. म्हणजे तुरुंगात लिहायला बसले तेव्हा आईला जाऊन पंधराहून अधिक वर्षं झाली होती. त्यांनी तोपर्यंत अमळनेरला शिक्षकाची नोकरी केली होती, ती सोडून ते चळवळीत उतरले होते, तुरुंग पाहिला होता.

पुस्तकाची रचनाही तशीच आहे. प्रकरणांना प्रकरण म्हटलेलंच नाही, ‘रात्र’ म्हटलं आहे. अशा बेचाळीस रात्री. आश्रमात संध्याकाळची प्रार्थना झाली की प्रौढ श्याम मित्रांना आपल्या आईच्या आठवणी सांगतो. सांगणारा मुलगा आहे, आणि आई आता काही दुरुस्त करायला येऊ शकत नाही. ‘अरे, मी तुला याहून महत्त्वाचं काहीतरी शिकवलं होतं, ते नाही आठवत?’ असं विचारायला ती तिथे नाही. काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे सर्वस्वी श्यामने ठरवलं आहे.

आता त्याने काय ठेवलं ते पाहू. सहाव्या रात्रीचं नाव ‘थोर अश्रू’. ही गोष्ट पुस्तक न वाचलेल्यांनाही माहीत असते. आंघोळ झाली आहे, पाय ओले आहेत, त्यांना माती लागू नये असं श्यामला वाटतं. तो हट्ट करतो. आई आपलं नेसतं लुगडं पसरते आणि श्याम त्यावर पाय ठेवून घरात येतो. पायाला जसं जपतोस तसं मनालाही जप, ते स्वच्छ राहू दे असं देवाला सांग, अशा अर्थाचं आई त्याला काहीतरी म्हणते. झालं, गोष्ट संपली.

आपण ही गोष्ट सांगताना नेहमी शेवटच्या उपदेशावर जोर देतो. पण जरा प्रमाण बघा. आधी मुलाचा एक क्षुल्लक, थोडासा लाडावलेला हट्ट आहे. कामात असलेल्या आईने तो पुरवला आहे. लुगडं ओलं होईल, मळेल, याचा हिशेब तिने केलेला नाही. आणि मग, जाता जाता, एक वाक्य. ते वाक्य श्यामच्या मनात रुतलं, कारण त्याच्याखाली ते लुगडं पसरलेलं होतं. आधी हट्ट नाकारून नंतर मनाच्या स्वच्छतेवर दहा मिनिटं सांगितलं असतं, तर श्यामच्या रात्री एकेचाळीसच झाल्या असत्या, असं मला वाटतं. शिवाय आईच्या दृष्टीने तो दिवस काही खास नव्हता. त्या दिवशी रात्री तिला विचारलं असतं की आज मुलाला काय शिकवलंस, तर तिला बहुधा काही सांगता आलं नसतं.

या पुस्तकातली श्रद्धासुद्धा अशीच कामाच्या ओघात येते. पहिल्याच रात्री, ‘सावित्री व्रत’ या गोष्टीत, आई आजारी आहे आणि वटसावित्रीच्या व्रतात तिला वडाच्या प्रदक्षिणा झेपत नाहीत. ती श्यामला आपल्याऐवजी घालायला सांगते. बायकांमध्ये जाऊन आपण प्रदक्षिणा कशा घालायच्या म्हणून श्याम लाजतो. देवाच्या कामाला कसली लाज, असं आईचं म्हणणं. व्रताचं महत्त्व, सावित्रीची कथा, त्यामागचा अर्थ यांचा ती पाढा वाचत नाही. आजारी आईने मुलाला वाण्याकडे पाठवावं तसं ती त्याला वडाकडे पाठवते. श्रद्धा इथे घरातल्या एका कामाच्या रूपाने मुलाच्या हाती पडते.

इथे आपल्यासाठी एक गंमत दडली आहे. आपली मुलं शाळेत डब्यातली भाजी काढायला लाजतात, टिकली लावायला लाजतात, मित्र घरी आले की देवघराचं दार ओढून घेतात. आपण लगेच म्हणतो, ‘परदेशात आलो ना, त्याचा हा परिणाम.’ अहो, श्यामसुद्धा लाजला होता! आणि तो दापोली तालुक्यातल्या पालगडला लाजला होता, जिथे सगळ्यांच्याच घरी तोच देव आणि तेच व्रत होतं. तेव्हा मुलाने लाजणं ही काही हॅम्बुर्ग किंवा म्युन्शेनची देणगी नव्हे. ते मुलांचं वयच असतं. श्यामच्या आईने त्या लाजण्याचं संकट केलं नाही, हे मला त्या गोष्टीत सर्वांत शहाणपणाचं वाटतं.

वडिलांचीही एक रात्र आवर्जून वाचावी अशी आहे, अठरावी, ‘अळणी भाजी’. आईकडून भाजीत मीठ घालायचं राहून गेलं. वडील उणा शब्द न काढता ती जेवले. आई स्वतः जेवायला बसली तेव्हा तिला कळलं. पुस्तकाचं नाव ‘श्यामची आई’, त्यामुळे वडील एरवी जरा सावलीतच राहतात. पण न बोललेला शब्दही मुलं ऐकत असतात, हे या गोष्टीइतकं साधेपणाने मराठीत फार थोड्या ठिकाणी आलं असेल. कुठल्याही घरात जेवणाच्या टेबलावर रोज घडू शकणारी ही गोष्ट आहे. तिला पंचांग लागत नाही, भटजी लागत नाही, हॉल भाड्याने घ्यावा लागत नाही.

आता पुस्तकाच्या उण्या बाजूंबद्दलही बोलायला हवं. नुसती आरती ओवाळायची तर समीक्षा कशाला? पहिली गोष्ट म्हणजे यात अश्रू फार आहेत. आई रडते, श्याम रडतो, ऐकणारे मित्र रडतात. आजच्या, आणि त्यातही इथे वाढलेल्या मुलाला हे जड जातं. दुसरं, गुरुजी हाडाचे शिक्षक. गोष्ट रंगात आली की त्यांना तिचा बोध सांगितल्याशिवाय राहवत नाही. आईने एका वाक्यात आटोपलं ते सांगताना मुलाला परिच्छेद लागतो. तिसरं, आईचा धाक. बाराव्या रात्री पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला आई फोक घेऊन बाहेर काढते. त्यामागचं प्रेम गुरुजी दाखवतात, पण मुलाला मारणं जर्मनीत कायद्याने मना आहे. २००० सालापासून इथे मुलांना मारहाणीशिवाय वाढण्याचा कायदेशीर हक्क आहे. ही गोष्ट इथे वाचताना आईबापांनी थांबून बोलावंच लागतं, आणि बोलावं.

पण सर्वांत अवघड आहे ती पंचविसावी रात्र, ‘देवाला सारी प्रिय’. एक म्हातारी महारीण लाकडांची मोळी घेऊन चालली आहे. मोळी खाली पडली आहे आणि तिला ती पुन्हा डोक्यावर घेता येत नाही. अस्पृश्यतेच्या भीतीने कुणी हात लावत नाही. श्यामची आई त्याला सांगते, जा, तिला मोळी उचलून दे, आणि घरी येऊन आंघोळ कर. ही गोष्ट मी माझ्या मुलीला वाचून दाखवली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तिने ऐकून घेतलं आणि जर्मनमध्ये विचारलं, ‘मग आंघोळ कशाला?’

प्रश्न बिनतोड आहे. देवाला सगळेच प्रिय असतील तर आंघोळीचं कारण काय? यावर आईची बाजू सावरून घेणारी बरीच उत्तरं देता येतात: काळ तसा होता, गाव तसं होतं, तिने तेवढं केलं हेही खूप होतं. ती उत्तरं खोटी नाहीत. पण खरं उत्तर मला पुस्तकाच्या बाहेर सापडतं. १ मे १९४७ रोजी साने गुरुजींनी पंढरपूरला उपोषण सुरू केलं. विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुलं व्हावं, ही मागणी होती. दहा दिवस ते चाललं, आणि मंदिर खुलं करण्याचं मान्य झाल्यावर सुटलं. मोळीला हात लावून घरी येऊन आंघोळ करणारा तो मुलगा ती आंघोळ मागे टाकून पंढरपूरपर्यंत पोचला होता.

या पुस्तकाबद्दल मला जे म्हणायचं आहे त्याचा गाभा हा आहे. आईने मुलाला जे दिलं ते अर्धं होतं. तिच्या काळाच्या, तिच्या धैर्याच्या मर्यादेत बसणारं होतं. मुलाने त्यातली मोळी ठेवली, आंघोळ सोडली, आणि उरलेलं अंतर स्वतः चाललं. संस्कार हे काही पार्सल नव्हे, की इकडे जसं बांधलं तसंच तिकडे सोडलं. मुलं आपल्याकडून एखादा क्षण उचलतात आणि वर्षानुवर्षं त्याला वाढवत राहतात. कोणता क्षण उचलायचा, त्यातलं काय टाकायचं, हे ती ठरवतात. आपण फक्त क्षण देत राहायचं. या विचाराने काही पालक खट्टू होतील. मला तर तो मोठा दिलासा वाटतो.

मुलीच्या त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून मी तिला पंढरपूरची गोष्ट सांगितली. ती तिला आईच्या गोष्टीपेक्षा जास्त आवडली. गुरुजींनाही ते आवडलं असतं, अशी माझी समजूत आहे.

हे सारं आपल्या मराठी कपाटातलं झालं. पण आपण ज्या देशात राहतो तिथल्या कपाटातही याच प्रश्नावर लिहिलेलं बरंच आहे, आणि ते वाचलं की ‘श्यामची आई’ जास्त चांगली कळते. श्रद्धा घरातून घरात कशी पोचते, हा प्रश्न जर्मन भाषेने पाचशे वर्षं चघळला आहे.

मार्टिन ल्यूथरचंच उदाहरण घ्या. १५२९ मध्ये त्याने ‘लहान प्रश्नोत्तरी’ लिहिली. दहा आज्ञा, श्रद्धेचा उच्चार, प्रार्थना हे सगळं घरातल्या कर्त्या पुरुषाने मुलामाणसांना सोप्या रीतीने कसं शिकवावं, याचं ते पुस्तक. पिढ्यान्‌पिढ्या जर्मन मुलांनी ते पाठ केलं. पुढच्याच वर्षी, जून १५३० मध्ये, हाच ल्यूथर कोबुर्गच्या किल्ल्यात अडकून पडला होता. आउग्सबुर्गला राज्यसभा भरली होती, आणि बहिष्कृत असल्यामुळे त्याला तिथे जाता येत नव्हतं. बायको-मुलं विटेनबेर्गला. त्यात त्याचे वडील वारल्याची बातमी आली. त्यानंतर दोन आठवड्यांनी त्याने आपल्या मुलाला, नुकत्याच चार वर्षांच्या झालेल्या छोट्या हान्सला, एक पत्र लिहिलं.

त्या पत्रात एक बाग आहे. सोनेरी अंगरखे घातलेली मुलं तिथे झाडांखाली सफरचंदं, नासपती, चेरी गोळा करतात. सोन्याचा लगाम घातलेली छोटी तट्टं तिथे आहेत. जी मुलं प्रार्थना करतात, शिकतात आणि नीट वागतात त्यांना तिथे जाता येतं. हान्सने आपल्या दोन मित्रांना न्यायला हरकत नाही, आणि लेने मावशीलाही नेता येईल, अशी सोय बापाने तिथल्या माळ्याशी बोलून करून ठेवली आहे! उपदेश आहेच, ल्यूथर झाला तरी बापच. पण तो तट्टावर बसून आला आहे. आपला बाप गमावलेला एक बाप दूर किल्ल्यात बसून मुलासाठी बाग रचतो आहे, हे कळल्यावर त्या पत्राची गोडी वेगळीच लागते. प्रश्नोत्तरी साऱ्या देशासाठी होती, हे पत्र एका मुलासाठी. मी ल्यूथरच्या धर्मातला नाही, पण दोन्हींतलं जवळचं कोणतं वाटतं हे सांगायला मला धर्म बदलावा लागत नाही.

या वाटेवरचा माझा सगळ्यात आवडता माणूस मात्र मातियास क्लाउडिउस. १७४० साली जन्मलेला, पाद्र्याचा मुलगा. १७७१ ते १७७५ या काळात त्याने हॅम्बुर्गजवळच्या वान्ड्सबेकमधून ‘वान्ड्सबेकर बोटे’ नावाचं वर्तमानपत्र चालवलं. आज ते गाव हॅम्बुर्ग शहराचाच एक भाग आहे. १७७२ मध्ये त्याने रेबेका नावाच्या एका सुताराच्या मुलीशी लग्न केलं. त्यांना बारा मुलं झाली. पैशांची कायमच ओढाताण. मध्येच डार्मश्टाटला नोकरी मिळाली, ती काही टिकली नाही, आणि गडी पुन्हा वान्ड्सबेकला परत आला. त्याच्या काळातल्या काही मोठ्या लेखकांना त्याचं लेखन अगदीच साधं, घरगुती वाटत असे.

ते घरगुती आहेच, आणि तीच त्याची ताकद. बाळाला पहिला दात आला तेव्हा त्याने त्यावर एक छोटं विजयगीत लिहिलं. चर्चमधल्या गंभीर गायनप्रकाराचं नाव त्याला दिलं, आणि विषय एवढासा पांढरा दात! आपल्याकडे बाळाचा दात दिसला की आजी वाटी वाजवून बघते, तसाच हा आनंद. त्याने घरच्या घरी सणही शोधून काढले होते. त्यांतल्या एकाचं नाव ‘हेर्ब्स्टलिंग’. शरदात पहिला बर्फ पडला की तो साजरा करायचा. कसा? घरात जितकी माणसं तितकी सफरचंदं घ्यायची, वर आणखी काही घ्यायची, म्हणजे अवचित कुणी आलं तर कुणाच्या वाट्याला कमी पडायला नको. ती भट्टीत घालायची, भाजली जाईपर्यंत वाट बघायची, आणि खायची. संपला सण.

वाचताना मला हसू आलं, आणि ‘वर आणखी काही’ या तपशिलाशी मी थांबलो. आपल्या आया पोळ्या करताना मोजून करत, तरी एक-दोन जास्तच टाकत, तीच ही गोष्ट. अतिथी देवासमान, हा संस्कार क्लाउडिउसच्या मुलांना कुणी फळ्यावर लिहून दिला नव्हता. भट्टीतली जास्तीची सफरचंदं त्यांनी मोजली असणार.

त्याचं सर्वांत प्रसिद्ध गीत ‘आबेंडलीड’, म्हणजे संध्याकाळचं गाणं. १७७९ मध्ये ते छापलं गेलं, १७९० मध्ये शुल्त्सने त्याला चाल दिली, आणि आजही जर्मन आया मुलांना निजवताना ते म्हणतात. इथे मुलं वाढवलेल्या तुम्हां बहुतेकांच्या कानांवरून ते गेलं असेल. त्यात चंद्र आहे, धुकं आहे, माणसाचं ज्ञान किती थोडं याची जाणीव आहे. आणि शेवटी, झोपायच्या आधीच्या मागण्यात, शेजारच्या घरातला आजारी माणूसही आहे. आपल्या लेकरांना सुखाची झोप लागो असं म्हणता म्हणता बाप भिंतीपलीकडच्या माणसाचीही झोप मागतो. श्यामच्या आईने मोळीवालीकडे पाहिलं, क्लाउडिउसने शेजाऱ्याकडे. दोघांचीही श्रद्धा घराच्या उंबऱ्यावर थांबत नाही, आणि मुलं ते पाहत असतात.

या साधेपणाला भाबडेपणा समजू नये. मरण तेव्हा घराघरांत येऊन-जाऊन होतं. क्लाउडिउसने लहानपणी भावंडं गमावली. १७९६ मध्ये त्याची तरुण मुलगी क्रिस्टियाने गेली. आपल्या पुस्तकाच्या पहिल्या भागातच त्याने मृत्यूचं चित्र छापून त्याला जणू घरच्या पाहुण्यासारखं पुढे उभं केलं होतं. पहिला दात, पहिला बर्फ हे साजरे करणाऱ्याला ते किती लवकर हातचे निसटतात हे चांगलं माहीत होतं. तो त्यांना साजरे करत होता, त्याचं कारण तेच असावं.

आता ही दोन पुस्तकं शेजारी ठेवू. क्लाउडिउस बाप आहे, मुलं भोवती खेळत असताना लिहितो आहे. यातलं मुलांच्या मनात काय राहील हे त्याला मुळीच माहीत नाही. म्हणून तो दातही साजरा करतो, बर्फही करतो. साने गुरुजी मुलगा आहेत, आई गेल्यावर लिहीत आहेत. काय राहिलं तेवढंच त्यांना माहीत आहे. एकाच दोरीची ही दोन टोकं. आपण आईबाप आज क्लाउडिउसच्या टोकाला उभे आहोत. दुसऱ्या टोकाला आपली मुलं तीस वर्षांनी उभी राहतील, आणि तेव्हा त्यांच्या हातात काय असेल ते आपल्याला इथून दिसत नाही.

क्लाउडिउसनेही उपदेश केला, हे सांगायला हवं. १७९९ मध्ये त्याने आपल्या योहान्स या मुलासाठी एक मोठं उपदेशपर पत्र लिहिलं, आणि ते आजही वाचलं जातं. उपदेश वाईट असं मला म्हणायचं नाही. पण त्या पत्राआधी योहान्सने घरात बरीच वर्षं सफरचंदं खाल्ली होती.

आपल्या मंडळांच्या कामाकडे पाहताना मला हा विचार उपयोगी पडतो. आपण गणेशोत्सव करतो, तोही बहुधा वीकएंडला, कारण बुधवारी चतुर्थी आली तर हॉलही मिळत नाही आणि रजाही. मुलांसाठी मराठीचे वर्ग चालवतो, श्लोक पाठ करून घेतो, स्पर्धा घेतो. ज्या ताई-दादा आपले शनिवार त्यासाठी देतात त्यांच्याबद्दल मला आदर आहे. वर्गात मुलांना शब्द मिळतात, आणि शब्द लागतातच. मात्र त्या शब्दांखाली पसरायला लुगडं घरातच असावं लागतं, आणि तेही मंगळवारी, बुधवारी, कामावरून दमून आल्यावर. ते काम मंडळाला करता येणार नाही.

अडचणी खऱ्या आहेत. साधी दिवेलागणच घ्या. इथे जूनमध्ये सूर्य साडेनऊनंतर मावळतो, तोवर लहान मूल झोपून गेलेलं असतं. डिसेंबरात चारच्या सुमारास अंधार पडतो, तेव्हा मूल अजून होर्टमध्ये असतं आणि आपण ऑफिसात. ‘तिन्हीसांजा’ हा शब्द इथल्या घड्याळात बसत नाही. पण पाहा, श्यामच्या गोष्टी प्रार्थनेनंतर रात्री होतात, क्लाउडिउसचं गाणंही झोपायच्या आधीचं आहे. वेळ सूर्याने ठरवायची नसेल तर घराने ठरवावी. दात घासून झाले, पांघरूण घेतलं, की ती आपली दिवेलागण. दहा मिनिटं. त्यात एखादी प्रार्थना असेल, एखादी गोष्ट असेल, वरच्या मजल्यावरच्या आजारी आजींची आठवण असेल. ज्यांचा देवावर विश्वास नाही त्यांनाही ही वेळ हवीच आहे. त्यांनी ती दहा मिनिटं आपल्या पद्धतीने भरावीत.

शेवटी, पुस्तक प्रत्यक्ष कसं वाचावं याबद्दल दोन शब्द. पहिल्या पानापासून क्रमाने वाचायचा हट्ट धरू नका. मूल सहा-सात वर्षांचं असेल तर ‘मुकी फुले’ किंवा ‘पत्रावळ’ या रात्रींपासून सुरुवात करा. कळी झाडावर फुलू द्यावी हे बागेत नेऊनही दाखवता येतं, आणि पत्रावळ म्हणजे काय हे समजावताना आपलीच करमणूक होते. थोडं मोठं असेल तर सव्विसावी रात्र घ्या. दापोलीला शिकणारा श्याम खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी कोट शिवतो आणि पायी घरी निघतो. भावंडं असलेल्या घरात ही गोष्ट फुकट जात नाही. बाविसाव्या रात्री आई भाऊबीजेच्या पैशांतून वडिलांसाठी धोतर आणते, ती दिवाळीत वाचावी. शेवटच्या आजारपणाच्या रात्री मुलं बारा-तेरा वर्षांची होईपर्यंत थांबू द्या. आणि मोळीची गोष्ट वाचाल तेव्हा पंढरपूरची गोष्ट जोडीला ठेवा.

मुलाला देवनागरी वाचता येत नसेल तर उत्तमच, म्हणजे वाचून दाखवायचं काम आपल्याकडेच राहतं. अडलेला शब्द जर्मनमध्ये सांगा, त्यात कमीपणा नाही. बोध आला की तो परिच्छेद गाळलात तरी चालेल, गुरुजींची क्षमा मागून. मुलाने प्रश्न विचारला तर पुस्तक मिटा आणि बोला. मूल मध्येच झोपलं तर झोपू द्या.

आणि यंदा पहिला बर्फ पडेल त्या संध्याकाळी घरातली माणसं मोजून सफरचंदं भट्टीत घाला. दोन जास्त घाला.